फिनाईल शिंपडून मांजर सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात कोथरूडच्या एका वाचकांनी सोसायटीतल्या मांजरांच्या घाणीबद्दल तक्रार केली होती. जिन्याखाली उग्र वास येतो, तुळशीची कुंडी उकरलेली असते, गाडीच्या कव्हरवर पिवळे डाग पडतात. यातला एकही शब्द खोटा नाही. वास येतोच, आणि तो साधासुधा नसतो. पण त्यांनी सुचवलेले उपाय वाचले आणि हे पत्र लिहायला बसले. पार्किंगमध्ये रोज काळे फिनाईल शिंपडावे, कोपऱ्याकोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकाव्यात, आणि एवढ्याने भागले नाही तर मांजरे पोत्यात घालून सिंहगडाच्या पायथ्याला सोडून यावीत, असे ते लिहितात. पहिले दोन उपाय विषारी आहेत, तिसरा बेकायदा आहे, आणि तिन्ही करून वास जाणार नाही तो नाहीच.

माझी ओळख एवढीच की निवृत्त होईपर्यंत मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. लोकांची लघवी तपासण्यात उमेदीचा काळ गेला, त्यामुळे या विषयावर नाकाला पदर न लावता लिहू शकते. घरात दोन मांजरे आहेत, सगुणा नावाची भाटी आणि शेठ नावाचा बोका.

आधी मांजराची बाजू मांडते, कारण ती कोणी मांडत नाही. मांजराला शी-शूला जाताना कधी नीट पाहिले आहे का? आधी जागा हुंगते. पसंत पडली तर पुढच्या पायाने खळगा करते. काम झाले की वळते, वास घेते, माती ओढते, पुन्हा वास घेते, समाधान झाले नाही तर आणखी थोडी ओढते. आपल्या पाळीव मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. भुसभुशीत, कोरडी, उकरता येईल अशी जमीन दिसली की पाय तिकडे वळणे हे तिथून आलेले आहे. एवढी काळजी घेणारा प्राणी जेव्हा फरशीवर किंवा गादीवर करतो, तेव्हा त्याला दुसरी सोय उरलेली नसते किंवा त्याला काहीतरी दुखत असते. खोडी म्हणून मांजर हे करत नाही.

माझे माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यात. परसात बंबाची राख टाकायचा एक ढीग होता आणि वाड्यातली झाडून सगळी मांजरे तिथे जात. त्यांना कोणी शिकवले नव्हते. तक्रारही कोणी केली नाही, कारण भांडी घासायची राख स्वयंपाकघरात वेगळ्या डब्यात झाकून ठेवलेली असे. बंब गेले, परस गेले, वाडे तर गेलेच.

आता आजच्या पुण्याकडे मांजराच्या उंचीवरून पाहा. मी कर्वेनगरमध्ये राहते. आमची जुनी दोन मजली इमारत होती तेव्हा चहूबाजूंनी माती होती, मागे जांभूळ आणि शेवगा होता. पुनर्विकास झाला, मजल्यांवर मजले चढले आणि कंपाउंडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसले. झाडांच्या बुंध्याशीसुद्धा सिमेंट. आता मांजराला माती सापडते ती तीनच ठिकाणी. एक, लोकांच्या कुंड्या. दोन, शेजारच्या प्लॉटवर बांधकामासाठी आणून टाकलेला क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, ढीग. आणि तीन, मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून सोसायटीने केलेला गांडूळखताचा खड्डा. सावलीत, एकांतात, वर भुसभुशीत. मांजरांकडून आराखडा मागवला असता तरी त्यांनी याहून वेगळा दिला नसता.

या खड्ड्यावरून आमच्याकडे सभेत जे रण पेटले त्याचे वर्णन करत नाही. पण तक्रार करणाऱ्यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य होता. मांजराची विष्ठा गेलेले खत पालक-मेथीच्या वाफ्यात जाता कामा नये. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतो. घरगुती खड्ड्यातल्या उष्णतेने तो मरेलच असे नाही. त्यावर उपाय निघाला तो मात्र अगदी साधा, खड्ड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लाकडी चौकटीत ठोकून बसवली. खड्डा वाचला. मांजरे मात्र दुसऱ्या दिवशी कुंड्यांकडे वळली, कारण जाळीने रस्ता बंद झाला होता, गरज संपली नव्हती. फिनाईलवाल्यांच्या लक्षात येत नाही ते हेच.

फिनाईलबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुण्यात ते तीर्थासारखे शिंपडले जाते. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल जातीची रसायने असतात. माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत अशा पदार्थांचा निचरा ज्या मार्गाने करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मांजर ओल्या फरशीवरून चालत जाते, मग कोपऱ्यात बसून पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. तोंडात फोड येणे, लाळ गळणे, खाणे सुटणे हे त्यानंतरचे. डांबरगोळ्यांतले नॅफ्थलीनही मांजरांना घातक, आणि जिन्याखाली टाकलेली पांढरीशुभ्र गोळी एखाद्या रांगत्या मुलाने उचलून तोंडात घातली तर काय, हाही विचार करावा. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतो, आणि त्याने सफाई करणाऱ्या मावशींचे डोळे आणि छाती जळते.

बरे, एवढे करून वास तरी जातो का? माणसाच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती घट्ट आहे याचे माप, साधारण १.०१० ते १.०२५ च्या आसपास असते. निरोगी मांजराचे १.०३५ च्या वर. वाळवंटी पूर्वजांची देणगी, पाणी वाचवायचे आणि लघवी घट्ट करायची. त्यात भरपूर युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून वास ताज्यापेक्षा शिळ्याला जास्त. शिवाय मांजरांच्या लघवीत फेलिनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन झाले की गंधकयुक्त संयुगे तयार होतात, आणि नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त असते. जिन्याखालचा तो डोक्यात जाणारा दर्प म्हणजे हा. फिनाईलने तो आपल्या नाकाला झाकला जातो, मांजराच्या नाकाला नाही, आणि ते त्याच जागी परत येते.

वास खरोखर घालवायचा असेल तर ओले असतानाच जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावे (पुसू नये, पसरते), साध्या पाण्याने धुवावे, आणि मग एन्झाइम असलेला क्लीनर ओतून आपोआप वाळू द्यावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात तो मिळतो. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट बॅटरी अंधारात मारली की जुने डागही चमकतात. आमच्या पार्किंगमध्ये ती मारली तेव्हा, ज्यांच्या गाडीखाली सर्वांत मोठा डाग निघाला ते गृहस्थ महिनाभर दुसऱ्याच कोपऱ्यात फिनाईल ओतत होते.

आता आमच्यासारख्या मांजरवाल्यांबद्दल, कारण मूळ दोष तिथे आहे. पुण्यात एक वाक्य फार ऐकू येते. “आमचं मांजर इतकं स्वच्छ आहे ना, घरात कधी म्हणजे कधी करत नाही!” वहिनी, करत नाही, कारण ते शेजारच्यांकडे करते. सकाळी दूध घेण्यासाठी दार उघडायचे, पायाशी घुटमळणाऱ्या मांजराला बाहेर सोडायचे, दार लावायचे. आपला फ्लॅट चकाचक आणि सोसायटी हा संडास. ज्यांना मांजर हवे त्यांनी त्याच्या शी-शूची सोय आपल्या दाराच्या आत करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर जाणाऱ्या मांजरालासुद्धा घरात टब, म्हणजे माती भरलेले पसरट भांडे, हवाच. आषाढात दिवसभर पाऊस लागतो तेव्हा कुठलेही मांजर भिजत मातीत जात नाही. ते जिन्यात करते, नाही तर धरून ठेवते. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या भागातली मांजरे संध्याकाळी कपाटांच्या मागे जातात आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर पडत नाहीत. धरून ठेवणे आणि भीती या दोन्हींनी मूत्राशयाला सूज येऊ शकते.

टबासाठी फार खर्च नको. झाकणाचे, दाराचे, कार्बन फिल्टरचे महागडे प्रकार मिळतात, पण वास आत कोंडतो आणि पुष्कळ मांजरांना ते आवडत नाहीत. मी रविवार पेठेतून पसरट प्लॅस्टिकचा टब आणला. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी टब लांब असावा, म्हणजे त्याला आत वळता येते. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखतात. त्याच्यासाठी एक बाजू कापून खाली करावी, किंवा गवंड्याचे प्लॅस्टिकचे घमेले आणावे, तेही चालते. जितकी मांजरे, त्याहून एक टब जास्त असा नियम आहे. दोन खोल्यांत तीन टब म्हटल्यावर आमच्या ह्यांनी जो चेहरा केला तो पाहून मी दोनवर तडजोड केली, पण दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले नाहीत. शेजारी ठेवलेले दोन टब मांजराच्या लेखी एकच.

आत काय घालायचे यावर मात्र मते फार. टबात भरायची माती, तिला लिटर म्हणतात, मी बेंटोनाइटची बारीक, बिनवासाची वापरते. ही एक प्रकारची चिकणमाती, कच्छ आणि राजस्थानात सापडते, पाणी शोषून फुगते आणि लघवीचा घट्ट गोळा होतो. तेवढा गोळा चाळणीच्या पळीने उचलायचा. दोन-तीन इंचांचा थर पुरतो. लव्हेंडर नाही तर लिंबाच्या वासाची घेऊ नये, तो वास आपल्यासाठी असतो, मांजराला तो नको असतो. अगदी लहान पिल्लांना ही चिकणमाती देऊ नये, ती खाऊन पाहतात. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून भुसा आणणारेही मला माहीत आहेत. स्वस्त पडतो, पण पायाला चिकटून घरभर होतो, आणि औषध मारलेल्या किंवा प्लायवूडच्या लाकडाचा आला तर नको. नुसती वाळू जड, वास धरते. ज्याला जे परवडेल ते वापरावे, पण सकाळ-संध्याकाळ काढावे. नाक मुरडून दोन दिवस तसेच ठेवणाऱ्या माणसाचे मांजर गादीवर गेले तर मी मांजराच्या बाजूने साक्ष देईन.

आणि टब कुठे ठेवायचा? इथे पुण्यातल्या प्रत्येक बिल्डरने एक सापळा लावून ठेवला आहे. त्याचे नाव ड्राय बाल्कनी. वापरात नसलेली, बाहेरची, फरशी धुता येणारी जागा म्हणून प्रत्येक जण टब तिथेच ठेवतो, आणि तिथेच वॉशिंग मशीन असते. आमच्या समोरच्या वहिनींकडे मी चहाला बसले होते. त्यांचा पांढरा बोका टबात जाऊन, खळगा करून, डोळे अर्धवट मिटून बसला. तेवढ्यात मशीन स्पिनला गेले. जुने मशीन, जागचे हलते. बोका शेपूट फुलवून सरळ वर उडाला, टब उपडा झाला, आणि तो माझ्या चपलांवरून पाहुण्यांच्या खोलीत गेला. त्या दिवसापासून टब नाही, पाहुण्यांची गादी. वहिनी म्हणाल्या, “काकू, हा मुद्दाम करतो हो, मला त्रास द्यायला.” मी म्हटले, मुद्दाम करण्याइतका रिकामा वेळ माणसांना असतो. टब आतल्या पॅसेजमध्ये, पुस्तकांच्या कपाटाच्या आडोशाला हलवायला लावला, गादी एन्झाइमने धुऊन उन्हात घातली, त्या खोलीचे दार काही दिवस बंद ठेवले. बोका सुधारला नाही, कारण बिघडलेलाच नव्हता. त्याला फक्त शांत जागा हवी होती. जेवणाच्या वाटीजवळही टब ठेवू नये. आपणही ठेवणार नाही.

बाहेरची सवय असलेल्या मांजराला घरातल्या टबाची सवय लावता येते, घाई मात्र करू नये. ते जिथे जात होते तिथलीच माती आणून टबात भरावी, टब आधी दाराजवळ ठेवावा, मग मातीत लिटर थोडे थोडे वाढवत न्यावे आणि टब हळूहळू आत सरकवावा. एकदम जागा बदलू नये. चुकीच्या जागी केले म्हणून मांजराचे नाक त्यात घासण्याची एक जुनी पद्धत आहे. ती पद्धत ज्या कोणी शोधली त्याने मांजर पाळलेले नसावे. मांजर एवढेच शिकते की तुमच्यासमोर करायचे नाही. मग ते सोफ्यामागे करते.

पुढचे नीट वाचावे ही विनंती, यात जीव जातो. आमच्या खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले राहतात. त्यांनी एक पिवळा बोका पाळला आहे. एक दिवस त्यातला एक जण वर आला. “काकू, हा सकाळपासून बाथरूमच्या जाळीवर बसतोय, परत उठतोय, परत बसतोय. बद्धकोष्ठ असेल का? एरंडेल द्यावं म्हणतो.” मी खाली गेले. बोका कमान करून बसला होता, कळ यावी तसा आवाज काढत होता, आणि फरशीवर लालसर दोन थेंब. पोटाला हात लावू देईना. हे बद्धकोष्ठ नव्हते. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. खडे किंवा चिकट बूच अडकले की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. तशीच रिक्षा करून मुले त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. भूल देऊन नळी घातली, मूत्राशय मोकळे केले. बोका वाचला. मुलांनी आता कोरड्या दाण्यांसोबत ओले खाणे आणि पाण्याच्या जास्त वाट्या सुरू केल्या आहेत. सांगायचे हे की ‘घाणेरडी सवय लागली’ म्हणून ज्या बोक्यांना घराबाहेर काढले जाते, त्यांतले काही आजारी असतात. शी-शूला बसण्याच्या सवयीत अचानक फरक पडला तर आधी डॉक्टर.

गाडीच्या कव्हरवरचे, भिंतीवरचे, दाराच्या चौकटीवरचे डाग ही निराळी गोष्ट. तिथे बोका बसलेला नसतो, उभा असतो. शेपूट ताठ करून थरथरवतो आणि मागे फवारा मारतो. ही हद्दीची खूण, याला टब हा उपाय नाही. पाच-सहा महिन्यांचा असतानाच शस्त्रक्रिया केली तर बहुतेक बोके हे करत नाहीत, आणि करत असलेलेही बहुतेक थांबतात. वर्गणी काढून दोन-तीन मोकाट बोक्यांची शस्त्रक्रिया करून घेणे सोसायटीला वर्षभराच्या फिनाईलपेक्षा अधिक लाभाचे.

पोत्यात घालून सोडून देण्याबद्दल. उपासमार होईल अशा परिस्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. मांजरे हलवून रिकाम्या झालेल्या सोसायटीत शेजारची मांजरे येतात हे वेगळेच.

घरात गरोदर सून आहे म्हणून मांजर बाहेर काढणारी घरेही मी पाहिली आहेत. गर्भाला टोक्सोप्लाझ्माची बाधा होईल ही भीती खोटी नाही, पण लॅबमधल्या भाषेत सांगायचे तर भीती चुकीच्या जागी आहे. मांजर साधारणपणे पहिल्या संसर्गानंतरचे एक-दोन आठवडेच हा परजीवी विष्ठेतून बाहेर टाकते, आणि बाहेर पडल्यावर त्याला संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे टब रोज साफ झाला तर धोका फार कमी. गरोदर बाईने टब काढू नये, नवऱ्याने काढावा, एवढेच. कच्चे-पक्के मांस आणि नीट न धुतलेली भाजी यांची काळजी त्याहून जास्त घ्यावी.

आता काढलेले टाकायचे कुठे? संडासात नाही. बेंटोनाइट पाण्यात फुगते, आणि ड्रेनेजची लाइन तुंबली की तळमजल्यावरच्यांच्या मोरीत उलटे येते. ओल्या कचऱ्यातही नाही. तुमचा ओला कचरा घेणाऱ्या ताई तो हाताने चाळतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायची मोहीम चालवली, ती मला फार शहाणपणाची वाटते. मी मांजराचेही तसेच करते. दोन पानांत घट्ट गुंडाळी, वर लाल स्केचपेनचा ठिपका, आणि ताईंच्या हातात वेगळे. पहिल्यांदा त्यांनी विचारले, “घरात बाळ आलं काय?” मी म्हटले, दोन आहेत, मिशांची.

मांजर म्हटले की अलीकडे लोक हडपसरचे उदाहरण देतात. २०२५ साली तिथल्या एका सोसायटीत एकाच फ्लॅटमध्ये तीनशेवर मांजरे असल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तिथल्या शेजाऱ्यांचे हाल मी समजू शकते, त्यात मांजरांचेही हाल होतेच. पण त्या एका फ्लॅटच्या मापाने एक-दोन मांजरांचे घर मोजू नये.

आमच्या सोसायटीने शेवटी काय केले ते सांगून थांबते. मागच्या भिंतीशी, विजेच्या डीपीच्या पलीकडे, कुणाच्या खिडकीखाली येणार नाही अशा कोपऱ्यातले पेव्हर ब्लॉक काढले. दोन फूट खणून खाली खडी, वर जाड वाळू आणि माती मिसळून भरली. पावसाचे पाणी साचू नये म्हणून वर पत्र्याचा तुकडा तिरका बसवला. सुरुवातीला कुंड्यांतली उकरलेली माती त्यात मुद्दाम टाकली. लोकांनी कुंड्यांत मातीवर करवंट्या उपड्या घातल्या, काहींनी गोटे पसरले. संत्र्याच्या साली टाकून पाहिल्या, वास उडाला की उपयोग शून्य. तिखट टाकायला मी विरोध केला, पंजे आणि डोळे जळतात. तो कोपरा मांजरे पाळणाऱ्या घरांनी आळीपाळीने साफ करायचा, आणि वरचा थर अधूनमधून बदलायचा खर्चही त्यांचाच, असे ठरले. काही मांजरे अजूनही क्रश सँडवर जातात. ‘ए’ विंगमधले एक काका अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. पण जिन्याखालचा वास गेला, हे त्यांनीही सभेत मान्य केले, माझे नाव न घेता.

महापालिकेला दोन सूचना. २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांच्याही नोंदणीचा निर्णय झाला. नोंदणी करताना मांजरमालकाला टब, शस्त्रक्रिया आणि वापरलेले लिटर कसे द्यायचे याचे मराठीत एक पान हातात द्यावे. दुसरे, पुनर्विकासाचे नकाशे मंजूर करताना, आवारात कुठे तरी उघडी माती राहील एवढे पाहावे. पावसाचे पाणी जिरायलाही ती लागतेच.

कोथरूडच्या त्या वाचकांना आमचा कोपरा पाहायचा असेल तर जरूर यावे. संध्याकाळी पाचनंतर मी घरी असते, पत्ता आपल्या कार्यालयात कळवून ठेवला आहे. येताना फिनाईल आणू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे

(ता. क. कृपया नाव छापू नये. सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आहे.)